चीन आणि जपान : दोन भाषा, एक धम्म



चीन आणि जपान ही दोन नावे आपण नेहमी एका दमात घेतो. "बुद्धाचा धम्म चीन-जपानपर्यंत पोहोचला" असे एखाद्या वक्त्याने सांगितले की सभेत टाळ्या पडतात आणि भाषण पुढे सरकते. तो अभिमान योग्यच आहे. परंतु तिथे धम्म पोहोचला तो कोणत्या शब्दांत पोहोचला, आणि त्या शब्दांनी त्याचे पुढे काय केले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी तो अवश्य विचारला पाहिजे. कारण आपल्या घरातही आज तेच घडत आहे. पाली गाथा आपल्या मराठी तोंडात येत आहेत, आणि या मराठीत शेकडो वर्षांची जात मुरलेली आहे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे गाऱ्हाणे नेले की, नाना कुळांतून आणि नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलतात आणि ते बिघडवतात; तेव्हा ते वेदांच्या वळणाच्या छंदस भाषेत बांधून टाकावे. तथागतांनी त्या दोघांची कानउघाडणी केली, तसे करण्यास मनाई केली आणि बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. धर्माची भाषा काही मोजक्या लोकांच्या मालकीची असू नये, असा याचा अर्थ. या अनुज्ञेच्या बळावर धम्म वाळवंट ओलांडून चीनमध्ये आणि पुढे समुद्र ओलांडून जपानमध्ये गेला.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. भाषा हे कोरे भांडे नसते. ताकाच्या मडक्यात दूध ओतले तर ते दूध राहत नाही. म्हणून घरातली बाई दूध ओतण्यापूर्वी भांडे हुंगून पाहते. ज्या भाषेत धम्म ओतावा, त्या भाषेत आधीपासून बसलेली लहान-थोर, उच्च-नीच अशी उतरंड त्याला आंबवू पाहते. चीन आणि जपान यांच्या भाषेची आणि साहित्याची उदाहरणे मी आपल्यापुढे ठेवतो ती याच एका गोष्टीसाठी.

चिनी घर आणि चिनी अक्षर

चिनी भाषेत शब्द वळत नाही. आपण 'जातो, जाते, गेला, गेली, जातील' अशी रूपे करतो. चिनी भाषेत 'जाणे' या अर्थाचे अक्षर काळाने, लिंगाने किंवा वचनाने बदलत नाही. त्यांचे अक्षर आपल्या 'क, ख, ग' सारखे निव्वळ आवाजाचे चिन्ह नव्हे, त्याला स्वतःचा अर्थ असतो.

क्रियापद इतके साधे असले तरी नात्याचे शब्द मात्र फार काटेकोर आहेत. थोरल्या भावाला एक शब्द, धाकट्याला दुसरा. आपण वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही भावांना 'काका' म्हणतो. चिनी भाषेत त्या दोघांना दोन वेगळे शब्द आहेत. घरात कोण आधी आणि कोण नंतर, हे हाक मारतानाच ठरते. चिनी नीतीच्या मुळाशी 'शिआव' हा शब्द आहे. त्याचा अर्थ आईबापांची सेवा. त्याचे अक्षर पाहिले तर वर म्हातारा माणूस आणि खाली मूल अशी आकृती दिसते. म्हाताऱ्याचा भार मुलाने वाहावा, हा त्या समाजाचा आदर्श अक्षरातच कोरलेला आहे.

अशा समाजात इ.स. 148 च्या सुमारास पार्थियाचा भिक्खू आन शिगाव लोयांग नगरात आला आणि बुद्धवचनांच्या भाषांतराला लागला. अडचण पहिल्याच पायरीला उभी राहिली. 'निर्वाण' या शब्दाला चिनी भाषेत शब्दच नव्हता. तेव्हा आरंभीच्या भाषांतरकारांनी ताओ मताच्या लोकांचा 'वू-वेई' म्हणजे 'काही न करणे' हा शब्द उसना घेतला. 'बोधी'साठी त्याच मताचा 'दाओ' हा शब्द घेतला. शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याचे तत्त्वज्ञानही घरात येते. तृष्णा, द्वेष आणि मोह यांचा क्षय हा निर्वाणाचा अर्थ मागे पडून स्वस्थ बसून राहणे असा अर्थ लोक घेऊ लागले. पुढे इ.स. 401 मध्ये कुमारजीव चांगआन नगरात आला. त्याने चिनी पंडितांच्या मोठ्या समुदायाबरोबर बसून भाषांतरे केली. हळूहळू 'निएपान' असा निर्वाण शब्दाचा मूळ आवाजच चिनी अक्षरांत लिहिण्याची रीत पक्की झाली.

परंतु सगळे शब्द असे सुटले नाहीत. गृहस्थांसाठी तथागतांनी केलेला सर्वात मोठा उपदेश म्हणजे सिगालोवाद सुत्त. मुलगा-आईबाप, शिष्य-गुरू, पती-पत्नी, मित्र-मित्र, मालक-नोकर या प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंना कर्तव्ये सांगितली आहेत. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, तिला दागिने द्यावेत. हे पतीचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, हे ध्यानात घ्या. पत्नीलाही तिची कर्तव्ये आहेतच. चिनी भाषांतरांपैकी काहींमध्ये इथे फेरफार झाला. पतीने पत्नीला सांभाळावे याच्या जागी पतीने पत्नीला ताब्यात ठेवावे असे आले; पत्नीने पतीला सुख द्यावे याच्या जागी पत्नीने पतीला पूज्य मानावे असे आले. भाषांतर करणारे भिक्खू दुष्ट नव्हते. त्यांच्या समाजाला बरोबरीचे नाते कानाला खटकत होते, म्हणून त्यांनी ते कानाला गोड लागेल असे करून दिले. परंतु त्या दोन शब्दांनी घरातल्या स्त्रीचा हक्क गेला.

तसेच मोग्गलान स्थविरांचे झाले. बुद्धाचा हा थोर शिष्य चीनमध्ये 'मुलिएन' झाला आणि नरकयातना भोगणाऱ्या आपल्या आईला सोडविणारा आज्ञाधारक मुलगा म्हणून घराघरांत पोहोचला. घर सोडून भिक्खू होणे म्हणजे आईबापांचा द्रोह, असा आरोप तिथे होत असे. त्याला हे उत्तर होते. त्या कथेच्या जुन्या प्रती 1900 साली तुनहुआंगच्या गुहेत सापडल्या. जपानमध्ये याच परंपरेतून 'ओबोन' हा पितरांचा सण आला. कथा हृदयाला भिडते, यात शंका नाही. पण धम्माने पितरांचे अन्नदान चालविले की पितरांच्या अन्नदानाने धम्म चालविला, असा प्रश्न पडतो. आपल्याला बोधिसत्व बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान का सोडायला लावले, ते इथे समजते.

पाण्याची गोष्ट तिथे हरवली

आनंद स्थविर आणि प्रकृती यांची कथा आपल्या घरातली लहान मुलेही सांगतात. तहानलेले आनंद विहिरीवर पाणी मागतात. मुलगी म्हणते, मी चांडाळाची मुलगी आहे. आनंद म्हणतात, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावर पाय ठेवता आला नाही, त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ही कथा संस्कृतात 'शार्दूलकर्णावदान' या नावाने आहे. तिच्यात मुलीच्या आईने केलेला मंत्रप्रयोगही आहे आणि जातिभेदाचे सविस्तर खंडनही आहे. तिची चिनी भाषांतरे फार जुनी आहेत. पण चीनमध्ये ती लोकप्रिय झाली ती दुसऱ्याच रूपाने. तिथे मोठ्या मान्यतेच्या 'शूरंगम' सूत्राच्या आरंभी हीच मातंग मुलगी येते, मंत्राने आनंदाला भुलवते आणि बुद्ध त्याला सोडवतात. पाण्याचा घोट बाजूला पडला. कामवासनेपासून सावध राहा, एवढाच धडा उरला.

असे का झाले? चीनमध्ये गरीब-श्रीमंत होते, मालक-गुलाम होते, हीन मानलेले धंदेही होते. पण स्पर्शाने पाणी बाटते ही कल्पना तिथल्या समाजाची नव्हती. ज्या दुःखाला भाषेत जागा नाही, त्या दुःखाची कथा ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जाते. म्हणून कथा सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, याला महत्त्व आहे. प्रकृतीची कथा जशीच्या तशी सांभाळण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे.

जपानी क्रियापदांची उतरंड

आता जपानकडे वळू. जपानी भाषा चिनी भाषेच्या कुळातली नाही. जपानी वाक्यात मराठीसारखे क्रियापद शेवटी येते आणि 'ला, ने, त' सारखी चिन्हे नामाच्या मागे लागतात. चिनी वाक्य तसे चालत नाही. तरीही जपानने लिपी घेतली ती चीनची. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घातल्यासारखे ते झाले. एकच अक्षर कधी चिनी वळणाच्या आवाजाने, कधी जपानी शब्दाने वाचावे लागते.

चिनी भाषेत थोर-लहान हा भेद मुख्यतः नात्याच्या नावांत दिसतो. जपानी भाषेत तो क्रियापदात शिरलेला आहे. 'देणे' हे साधे क्रियापद घ्या. थोराला द्यायचे तर एक क्रियापद, बरोबरीच्याला दुसरे, धाकट्याला किंवा जनावराला चारा द्यायचा तर तिसरे. थोराने मला दिले तर चौथे, बरोबरीच्याने दिले तर पाचवे. बोलण्यापूर्वी समोरचा आपल्यापेक्षा वर की खाली हे ठरविल्याशिवाय वाक्य पुरेच होत नाही. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' आहेत. गावकीच्या काळात पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला पाटलाच्या पोराने 'अरे' म्हणून हाक मारावी आणि म्हाताऱ्याने त्या पोराला 'जी' म्हणावे, हे ज्यांनी पाहिले त्यांना जपानी क्रियापदांचा अर्थ लगेच कळेल. आदर दाखविणे वाईट नव्हे. पण आदर जन्माने ठरला की त्याचे जोखड होते.

याच जपानी भाषेत एक मोकळी वाटही निघाली. चिनी अक्षरांचे विद्वत्तेचे लेखन पुरुषांच्या हाती होते. अक्षरे सोपी करून निव्वळ आवाज लिहिणारी 'काना' लिपी तयार झाली, तिला लोक 'बाईचा हात' म्हणत. त्या हिणवलेल्या लिपीत स्त्रियांनी लिहिले. मुरासाकी शिकिबू या स्त्रीने अकराव्या शतकाच्या आरंभी 'गेंजी मोनोगातारी' ही प्रचंड कादंबरी लिहिली. ती आज जगातल्या थोर ग्रंथांत गणली जाते. तिने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे की भावाचा चिनी भाषेचा पाठ चालू असताना ती बाजूला बसून ऐके आणि त्याच्याआधी शिके, आणि हा मुलगा असता तर बरे झाले असते असे वडिलांना वाटे. भावाची पाटी पुसता पुसता अक्षर शिकलेल्या मुली आपल्या वस्तीतही झाल्या आहेत.

धम्माचे जपानमधील मोठे बळ याच लिपीतून आले. इ.स. 538 किंवा 552 मध्ये, या सालाबद्दल दोन परंपरा आहेत, कोरियातील बैक्जे राज्यातून बौद्ध धम्म जपानमध्ये आला. विहारात सूत्रे चिनी अक्षरांतली, जपानी उच्चाराने म्हटली जात. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला त्यातले फारसे कळत नसे. बाराव्या-तेराव्या शतकांत होनेन, शिनरान, दोगेन असे आचार्य झाले आणि त्यांनी जपानी भाषेत लिहायला सुरुवात केली. शिनरानाने (1173–1263) उतारवयात एक छोटा ग्रंथ लिहून शेवटी खुलासा केला की, खेड्यातल्या लोकांना अवघड अक्षरांचा अर्थ कळत नाही, म्हणून त्यांना समजेपर्यंत तीच तीच गोष्ट मी पुन्हा सांगितली आहे. शिकलेले लोक हसले तरी चालेल. शाळेत वर्ग शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

दोन बाप, एक दुःख

भाषेप्रमाणे साहित्यातही फरक आहे. तो एका दुःखात पाहू.

चीनचा महाकवी तू फू इ.स. 755 मध्ये राजधानीहून आपल्या घरी निघाला. वाटेत बादशहाची मेजवानी चाललेली, आणि रस्त्यावर थंडीने मेलेली माणसे. घरी पोहोचतो तो त्याचे तान्हे मूल उपासमारीने गेलेले. त्यावर त्याने दीर्घ कविता लिहिली. त्याचे दुःख स्वतःपाशी थांबत नाही. मला तर कर नाही, सैन्यातली सक्ती नाही. माझी ही दशा, तर ज्यांची जमीन गेली आणि ज्यांची मुले सीमेवर नेली त्यांची काय असेल, असा विचार तो करतो. मुलाच्या मृत्यूवरून त्याची नजर राज्यकर्त्यांकडे जाते.

जपानचा कवी कोबायाशी इस्सा याची चिमुकली मुलगी 1819 मध्ये देवीच्या रोगाने गेली. तोही बौद्ध उपासक. त्याची त्यावरची कविता तीन ओळींची. जग दवासारखे आहे हे तो मान्य करतो आणि त्याचे मन तरीही मानत नाही, एवढेच तिच्यात आहे. राजा नाही, कर नाही, रस्ता नाही. एक थेंब आणि एक बाप. चिनी कवी दुःखाला इतिहासाच्या मोठ्या पटावर ठेवतो, जपानी कवी ते पानावरच्या दवात ठेवतो. दोन्ही साहित्यांचा सारा स्वभाव या एका तुलनेत बसत नाही, पण कल दिसतो.

किसा गोतमीची कथा आठवा. मेलेले मूल कडेवर घेऊन ती मोहरी मागत घरोघर फिरली आणि ज्या घरात मरण नाही असे घर तिला सापडले नाही. इस्साचे अश्रू तिथे आहेत. पण भुकेने मेलेले मूल हा निसर्गाचा नियम नव्हे; ते टाळता येणारे दुःख आहे, आणि टाळता येणाऱ्या दुःखावर 'सारे अनित्य आहे' असे म्हणून पांघरूण घालणे धम्माला मान्य नाही. अनित्यतेचा उपदेश आपल्याला समजून घ्यायचा आहे, आणि तू फूचा प्रश्नही विसरायचा नाही.

प्रज्ञेचे काय झाले?

प्रसिद्ध यात्रेकरू ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात आला, आपल्या महाराष्ट्रातूनही गेला. त्याच्या नावाने असा नियम सांगतात की काही शब्दांचे भाषांतर करू नये; 'प्रज्ञा' हा त्यातला एक. तिच्या चिनी पर्यायाने तिचे मोल कमी होते, म्हणून मूळ आवाजच ठेवावा. हेतू चांगला होता. जपानमध्ये या शब्दाचा उच्चार 'हान्न्या' झाला.

पण न समजलेला शब्द फार काळ शुद्ध राहत नाही. जपानच्या 'नो' नाटकात मत्सराने राक्षसीण झालेल्या स्त्रीचा शिंगे असलेला मुखवटा असतो, त्याचे नाव 'हान्न्या'. हे नाव कसे पडले याच्या निरनिराळ्या हकिकती सांगतात. पण सामान्य माणसाच्या मनात आज त्या नावासरशी राक्षसीण उभी राहते, प्रज्ञा नव्हे. आणखी एक उदाहरण याहून बोचरे आहे. चीनमधील काही भिक्खू चोरून दारू पीत आणि तिला 'प्रज्ञेचा काढा' म्हणत, अशी नोंद अकराव्या शतकातील कवी सू शी याने केली आहे. हा सांकेतिक शब्द जपानी विहारांतही चालला. पाचवे शील मोडायचे आणि त्यावर प्रज्ञेचे नाव चिकटवायचे! शब्द पवित्र ठेवला, अर्थ सोडला, की असे होते.

एका शब्दाचा प्रवास

आता सर्वात जड गोष्ट सांगतो. आपल्या देशातून धम्माबरोबर एक शब्द बाहेर गेला, 'चांडाळ'.

इ.स. 399 मध्ये चांगआनहून निघालेल्या फाहियानने लिहून ठेवले आहे की भारतात चांडाळ गावाबाहेर राहतात, आणि नगरात येताना लाकडावर ठोकून आवाज करतात, म्हणजे लोक बाजूला होतील. ह्युएन त्संगनेही खाटीक, कोळी, झाडूवाले अशांची घरे खूण करून नगराबाहेर ठेवल्याचे लिहिले. चिनी यात्रेकरूंना हे नवल वाटले, म्हणून त्यांनी ते टिपले. पेशवाईत अस्पृश्यांवर काय गुदरले, ते आपण बाबासाहेबांच्या लेखनातून वाचले आहे. त्याच साखळीची ही जुनी कडी.

सूत्रांच्या चिनी प्रतींतून हा शब्द जपानमध्ये 'सेन्दारा' होऊन गेला. तिथे जनावरांची कातडी काढणारे आणि मढी उचलणारे लोक हीन मानले जात. त्यांना 'एता' म्हणत आणि ते ज्या अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ 'फार मळ' असा होतो. आयता मिळालेला 'सेन्दारा' शब्द विद्वानांनी त्यांना लावला. तेराव्या शतकातील आचार्य निचिरेन याने मात्र सादो बेटावरील हद्दपारीत आपण चांडाळ कुळातले आहोत असे स्वतःच्या हाताने लिहिले. तो किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावात जन्मला होता. ज्या शब्दाची इतरांना लाज वाटावी तो त्याने स्वतःवर घेतला.

पण विहारांनी काय केले? जपानमध्ये मृत माणसाला 'काइम्यो' म्हणजे शीलनाम देण्याची रीत आहे. ते स्मृतिफलकावर, थडग्यावर आणि विहाराच्या वहीत लिहितात. बुराकू वस्त्यांतील, म्हणजे या बहिष्कृत लोकांतील, मृतांच्या शीलनामांत काही विहारांनी 'पशू', 'कातडे', 'हीन', 'सेन्दारा' अशी अक्षरे घातली. जिवंतपणी बाटलेला, मेल्यावरही बाटलेला. आणि हे बुद्धाच्या नावाने, शील या शब्दाच्या आडून!

1871 मध्ये जपान सरकारने 'एता' हे नाव कायद्याने रद्द केले. तरी दगडावरची अक्षरे राहिली. 1979 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जागतिक धर्म आणि शांतता परिषद भरली. सोतो झेन संप्रदायाचे तेव्हाचे प्रशासकीय प्रमुख माचिदा मुनेओ यांनी तिथे जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे सांगितले. बुराकू जनतेने त्यांना जाब विचारला. त्यांना ते विधान मागे घेऊन क्षमा मागावी लागली. त्यानंतर संप्रदायाने विहारांच्या वह्या आणि थडगी तपासायला घेतली, आणि अपमानाची नावे बदलण्याचे काम सुरू झाले. 2016 मध्ये बुराकू भेदभाव नाहीसा करण्यासाठी जपानच्या संसदेने कायदा केला, म्हणजे तो भेद तोवर संपला नव्हता.

'सुइहेई'

या लोकांनी स्वतःसाठी कोणता शब्द निवडला, ते ऐका. 3 मार्च 1922 रोजी क्योतो शहरात त्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिचे नाव 'सुइहेइशा'. 'सुइ' म्हणजे पाणी, 'हेई' म्हणजे सपाट. पाण्याची समपातळी हाच तिचा अर्थ. तिचा जाहीरनामा साइको मान्किची याने लिहिला. तो बुराकूत, शिनरानाच्या परंपरेतील एका विहाराच्या घरात जन्मला होता. संघटनेने होंगान्जी या त्या परंपरेच्या मुख्य विहारांना सांगितले की आमच्या लोकांकडून वीस वर्षे वर्गणी मागू नका. शिनरानाचे नाव घ्यायचे आणि वस्तीला खाली ठेवायचे, हे चालणार नाही.

पुढे पाचच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. क्योतोतल्या लोकांनी पाणी हा शब्द निवडला आणि महाडला आपल्या लोकांनी पाण्यालाच हात लावला. पाणी उतरंड मानीत नाही. भांडी एकमेकांना जोडा, ते सगळ्यांत एकाच पातळीला येते.

आपल्या घरात

उपासक-उपासिकांनो, या सगळ्यातून आपण काय घ्यायचे?

पहिले, वंदनेचा अर्थ. मुलांना त्रिशरण-पंचशील पालीत पाठ असावे, ते आपले जगभरच्या बौद्धांशी नाते आहे. पण प्रत्येक शीलाचा अर्थ त्यांना मराठीत, स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या, त्या समोरच्या लाखो लोकांना समजाव्यात म्हणूनच. अर्थाविना पाठांतर चालले तर आपल्याही पंचशीलाचा 'प्रज्ञेचा काढा' व्हायला वेळ लागणार नाही.

दुसरे, नाव. शूद्राचे नाव घृणा यावी असे असावे, असा मनुस्मृतीचा दंडक आहे. कचरू, उकंड्या अशी नावे मूल जगावे म्हणूनही ठेवीत, हे खरे. पण आपल्या वस्तीत ती पिढ्यान् पिढ्या का चिकटली, याचा विचार करा. आज शाळेच्या हजेरीपटात गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा अशी नावे येतात. हाक मारताना ती पूर्ण मारा. 'प्रज्ञा'ची 'पद्दी' करू नका.

तिसरे, घरातली बोली. सिगालोवाद सुत्तातील पतीची पाच कर्तव्ये एका कागदावर लिहून घरात लावा आणि मग पत्नीशी कोणत्या शब्दांत बोलता ते पाहा. जातीवरच्या म्हणी मुलांच्या कानावर कोण घालतो, तेही पाहा. पुष्कळदा ते आपणच असतो.

चौथे, आणि सर्वात कठीण. सोयरीक ठरविताना "तुम्ही बौद्ध, पण मूळचे कोणत्या पोटजातीचे?" हा प्रश्न अजून विचारला जातो. तो विचारणारा माणूस 'बौद्ध' या शब्दाला थडग्यावरचे अक्षर करतो. वरून शीलनाम आणि आत तीच जुनी पाटी.

चीनने धम्माला घराच्या भाषेत नेले, जपानने त्याला मानपानाच्या भाषेत नेले, आणि दोन्हीकडे सत्पुरुषांनी त्याला पुन्हा माणसांच्या भाषेत आणले. आपल्याकडे धम्म परत आला आहे तो फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन. म्हणून मराठीत तो ओतताना भांडे रोज घासले पाहिजे. हे काम भिक्खूंचे एकट्याचे नाही, शिक्षकांचेही एकट्याचे नाही. ते चुलीपाशी, अंगणात, लग्नाच्या बैठकीत आणि मुलाला मारलेल्या पहिल्या हाकेत करायचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!